कातळात कोरलेली ख्रिस्तमंदिरे

चर्च म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जी वास्तू उभी राहते ती बहुधा उंच मनोऱ्याची, कमानदार खिडक्यांची आणि घंटेच्या नादाने भोवतालचा परिसर जागविणारी अशी असते. दगडावर दगड रचून, चुन्याने सांधून ती जमिनीवर उभारलेली असते. उलटपक्षी लेणे म्हटले की आपल्याला बौद्धांचे विहार, जैनांच्या गुंफा आणि शैवांची मंदिरे आठवतात. त्यामुळे डोंगराच्या पोटात कोरलेले चर्च असू शकते, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना नवलाची वाटेल. परंतु अशी ख्रिस्तमंदिरे जगात आहेत, आणि थोडीथोडकी नाहीत. तुर्कस्तानातील कापादोशिया प्रांतात ती आहेत, आर्मेनियात आहेत, आणि इथिओपियात तर त्यांचा एक आगळाच संप्रदाय आहे. इतकेच नव्हे, तर बुऱ्हाणपूरहून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी जेथे सहज जाऊन पोहोचेल, अशा मुंबईच्या बोरिवलीतही एका लेण्यात सुमारे दोनशे वर्षे ख्रिस्ती उपासना चालली होती. त्या लेण्याचे नाव मंडपेश्वर. आजच्या भाषणात प्रथम इथिओपियातील लालिबेला आणि मग आपले मंडपेश्वर, अशा दोन स्थळांचा परिचय करून देण्याचा विचार आहे. ही स्थळे प्रवाशाने कशी पाहावीत, हाही प्रश्न ओघाने येईलच.

प्रारंभी बांधणे आणि कोरणे यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. बांधकाम ही बेरीज आहे. चूक झाली तर दगड काढून दुसरा बसविता येतो, भिंत पाडून पुन्हा घालता येते. कोरकाम ही निव्वळ वजाबाकी आहे. पाथरवटाच्या छिन्नीने जो टवका उडाला तो उडाला. तो परत जागी बसविण्याची सोय नाही. म्हणून खांब कोठे राहणार, छत किती उंच असणार, देवाची मूर्ती कोणत्या भिंतीत प्रकट होणार, हे सारे पहिला घाव घालण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. आपण बुऱ्हाणपूरकर या कलेला अगदीच परके नाही. इ. स. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानान याच्या अमदानीत, तबकुतुल अर्ज नामक इराणी भूजलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली येथे जो कुंडी भंडारा तयार झाला, तो भूमीच्या पोटात शिरून केलेल्या कामाचाच एक थोर नमुना आहे. सातपुड्याकडून झिरपत येणारे पाणी भुयारांत गोळा करून शहराकडे आणावयाचे, आणि त्या भुयारांना हवा व उजेड मिळावा म्हणून वर ओळीने कुंड्या खोदावयाच्या, अशी ती योजना. त्या भुयारात ज्याने पाऊल टाकले आहे, त्याला खडकाच्या आत माणसाने केलेल्या जागेचा गारवा आणि तिचे गांभीर्य वेगळे वर्णन करून सांगावयास नको.

इथिओपिया, म्हणजे पूर्वी ज्याला अबिसीनिया म्हणत तो देशही, या शहराच्या इतिहासाला अपरिचित नाही. इ. स. १६२० च्या सुमारास ज्याच्या फौजांनी बुऱ्हाणपूरला वेढा घातला तो निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा जन्माने त्याच देशाचा. या देशाने ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकात स्वीकारला. त्याच्या उत्तर भागातील उंच पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर, लालिबेला नावाचे एक लहान नगर आहे. पूर्वीचे त्याचे नाव रोहा. झाग्वे घराण्यातील लालिबेला राजाने बाराव्या शतकाच्या अखेरीस व तेराव्याच्या आरंभी येथे चर्चे कोरविली, अशी परंपरा आहे. आणि नगराने पुढे त्याचेच नाव धारण केले. या चर्चांची संख्या ११ आहे. येरुशलेमची यात्रा दुर्घट झाल्यामुळे राजाने आपल्या प्रजेसाठी येथेच नवे येरुशलेम वसविले, असे भाविक मानतात. तेथून वाहणाऱ्या ओढ्यालाही यार्देन नदीचेच नाव दिलेले आहे. पैठणला दक्षिण काशी म्हणणाऱ्या आपल्या लोकांना यातील भावना सहज उमगेल.

या चर्चांची रचना समजून घेण्यास वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या माणसाला फारसे सायास पडू नयेत. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी वेरूळच्या कारागिरांनी डोंगरात वरून खाली खंदक उतरविले, मधोमध कातळाचा एक प्रचंड ठोकळा सुटा केला, आणि मग कळसापासून पायथ्याकडे येत त्यातून मंदिर घडविले. लालिबेलाच्या कारागिरांनीही, वेरूळचे नाव कानी नसता, तीच युक्ती योजिली. खंदकांनी वेगळ्या काढलेल्या ठोकळ्याला प्रथम बाहेरून आकार द्यावयाचा, मग दारे-खिडक्या पाडून आत शिरावयाचे, आणि आतला दगड खणून काढीत खांब, कमानी व छत शिल्लक ठेवावयाचे. मेधाने आलेम, म्हणजे जगत्तारकाचे चर्च, सुमारे ३३ मीटर लांब आहे. संत गिऑर्गिसचे चर्च वरून पाहिले असता दगडात उमटलेल्या एका क्रूसासारखे दिसते. त्याचे छत भोवतालच्या जमिनीच्या पातळीवर आहे, आणि पायथा सुमारे १२ मीटर खोल खड्ड्यात. गावातून चालत येणाऱ्या माणसाला हे चर्च अगदी काठावर येईपर्यंत दिसतच नाही. तेथे मान वर करून नव्हे, तर वाकून खाली पाहावे लागते.

दोन्ही ठिकाणी दगडही एकाच कुळीचा आहे. आपला दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांतून झाला. इथिओपियाचे पठारही असेच लाव्हारसाचे, पण वयाने पुष्कळ धाकटे. तेथील लालसर दगड आपल्या पाषाणाहून मऊ असल्यामुळे कोरावयास सोपा. पण म्हणूनच पावसाने लवकर झिजणारा. लेणे कोरणाराचा पहिला शत्रू पाणी. लालिबेलाच्या खंदकांतून पाणी वाहून जावे म्हणून कोरलेल्या चरी आणि आपल्या कान्हेरीच्या डोंगरात पाणी अडवून टाक्यांत साठविण्यासाठी केलेले पन्हळ पाहिले म्हणजे दूर दूर देशींच्या कारागिरांची बुद्धी सारख्याच अडचणींवर कशी चालते, हे ध्यानात येते.

एवढे काम माणसाने केले यावर विश्वास ठेवणे लोकांना नेहमीच जड जाते. आपल्याकडे लेणे दिसले की ते पांडवांनी एका रात्रीत कोरले, अशी कथा जन्माला येते. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना आपण आजही पांडवलेणीच म्हणतो. लालिबेलाविषयीही तसेच आहे. दिवसा माणसे काम करीत, आणि रात्री देवदूत येऊन त्यांच्या दुप्पट काम उरकीत, असे तेथील भाविक सांगतात. या चर्चांचे वर्णन करणारा पहिला युरोपीय, फ्रान्सिस्कु आल्व्हारिश नावाचा पोर्तुगीज धर्मगुरू. इ. स. १५२० मध्ये तो एका वकिलातीबरोबर तेथे गेला आणि १५२६ मध्ये परतला. १५४० साली छापून निघालेल्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की, याहून अधिक लिहिण्याचे धैर्य होत नाही, कारण जे लिहिले तेच लोक खरे मानणार नाहीत. हे त्याने शपथेवर सांगितले आहे. म्हणजे, ख्रिस्ती उपासना डोंगरात कोरलेल्या मंदिरातही शोभून दिसते, ही गोष्ट पोर्तुगीजांना ठाऊक होती, तीही त्यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या लेण्यांना हात घालण्यापूर्वी. ही तारीख लक्षात ठेवून आता आपण साष्टीकडे वळू.

मुंबईच्या उत्तरेचा साष्टीचा प्रदेश आणि वसई ही गुजरातच्या सुलतानाकडून इ. स. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. त्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन पंथाचे धर्मगुरू आले. त्यांपैकी अंतोनियु दो पोर्तु याचे नाव मंडपेश्वराशी कायमचे जोडले गेले आहे. दहिसर आणि बोरिवली यांच्या दरम्यान एका ठेंगण्या टेकडीत हे शैव लेणे सहाव्या शतकाच्या सुमारास कोरले गेले होते. घारापुरी आणि जोगेश्वरी ही त्याची भावंडे. सोळाव्या शतकाच्या मध्यास या धर्मगुरूंनी लेण्याचे रूपांतर मेरीमातेच्या चर्चमध्ये केले. माथ्यावर मठ व विद्यालय उभारले. लेण्यातील शिल्पांपैकी काही भिंत घालून वा गिलावा चढवून झाकली गेली, काही तासून टाकली गेली. जेथे देवतेची आकृती होती त्या एका भिंतीत, तीच आकृती छिलून, एक भला मोठा क्रूस कोरण्यात आला. तो आजही तेथे आहे. मंडपेश्वराला गेलेला कोणीही डोळस प्रवासी त्या क्रूसासमोर थबकल्यावाचून राहत नाही.

त्या क्रूसाकडे पाहून मनात संमिश्र विचार येतात. कोणा अनामिक पाथरवटाने आपल्या आयुष्याची वर्षे वेचून जे घडविले ते सत्तेच्या जोरावर नष्ट झाले, ही गोष्ट खरी आहे, आणि ती सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. लालिबेलाच्या कारागिराने आपल्या देवासाठी अस्पर्श कातळ निवडला. साष्टीच्या नव्या धन्यांनी दुसऱ्याच्या देवाचे घर घेतले. दोन्ही ठिकाणी क्रूस दगडात आहे, पण एक क्रूस भक्तीच्या वजाबाकीतून उमटला, तर दुसरा मूर्तीच्या वजाबाकीतून. परंतु एवढ्यावर हा विचार संपत नाही. पुढील सुमारे दोनशे वर्षे त्या लेण्यात जे लोक गुडघे टेकून प्रार्थना करीत होते ते काही परदेशचे नव्हते. ते साष्टीचेच शेतकरी, मीठवाले आणि कोळी होते. त्यांच्या घरची भाषा मराठीचीच एक बोली होती. त्यांचे वंशज, ज्यांना आज ईस्ट इंडियन म्हणून ओळखतात ते, अजूनही त्या परिसरात नांदत आहेत आणि आपली बोली व चालीरीती जपून आहेत. त्यांच्या पूर्वजांचे विवाह आणि बाप्तिस्मे त्या क्रूसाच्या सावलीत झाले असतील. त्यांच्या दृष्टीने तो क्रूस जेत्याची खूण नसून आजोबा-पणजोबांच्या देवघराची खूण आहे. एकाच दगडाचे हे दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि एकामुळे दुसरा खोटा ठरत नाही.

इतिहास पुढे सरकला. इ. स. १७३९ मध्ये चिमाजी आप्पाच्या मोहिमेत वसई पडली आणि साष्टी मराठ्यांकडे आली. लेण्यात पुन्हा शिवाची पूजा सुरू झाली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली. पुढे काही काळ लेण्यात ख्रिस्ती उपासना परतलीही. इंग्रजी अमदानीच्या आरंभी हेन्री सॉल्ट नामक चित्रकाराने साष्टीच्या लेण्यांचे तपशीलवार वर्णन लिहिले. आणि योगायोग असा की, पुढे हाच गृहस्थ इंग्रजांचा वकील होऊन अबिसीनियात गेला. आज मंडपेश्वर हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे. गर्भगृहात शिवलिंग आहे, आणि महाशिवरात्रीला तेथे दर्शनासाठी गर्दी लोटते. माथ्यावर जुन्या चर्चच्या छप्पर हरवलेल्या भिंती उभ्या आहेत. जवळच इमॅक्युलेट कन्सेप्शनचे चर्च आहे, आणि त्याच्याच नावावरून भोवतालच्या वस्तीला आय. सी. कॉलनी हे नाव पडले आहे. या साऱ्याला आता मुंबईच्या इमारतींनी आणि रहदारीने वेढून टाकले आहे.

लेण्यात शिरताच उजेड कमी होतो. डोळे सरावेपर्यंत घाई करू नये. मग खांबांची घडण दिसू लागते, बाजूच्या दालनांतील भिंती स्पष्ट होतात, आणि एका भिंतीवर नृत्यमग्न शिव, भोवती देवगण, असा मोठा पट प्रकट होतो. अवयव जागोजागी भंगलेले असूनही त्या देहाची गती हरवलेली नाही. यानंतर बाहेर येऊन तो क्रूस पाहावा, आणि टेकडीवर चढून भग्न चर्चच्या कमानी पाहाव्यात. हा क्रम ठेवला म्हणजे सहाव्या शतकापासून आजवरचा काळ पायाखालून उलगडत जातो.

मंडपेश्वरापासून जवळच, राष्ट्रीय उद्यानाच्या अरण्यात कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. तेथील मोठ्या चैत्यगृहातही फ्रान्सिस्कनांनी संत मायकेलच्या नावे चर्च स्थापिले होते, असे पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दो कोतु याने लिहून ठेवले आहे. कोतु गोव्यात दप्तरखान्याचा प्रमुख होता आणि १६१६ मध्ये तेथेच वारला. त्याने नोंदविलेली एक गोष्ट मोठी उद्बोधक आहे. कान्हेरीसंबंधी चौकशी करता त्याला साष्टीत एक कथा ऐकावयास मिळाली. मुलाला जगाचे दुःख दिसू नये म्हणून एका राजाने त्याला प्रासादात कोंडून ठेवले. पण पुढे राजपुत्राने म्हातारा, रोगी आणि मृत पाहिले, आणि तो विरक्त झाला. कोतुला वाटले, ही तर आपल्या संत जोसाफातची कथा! युरोपात हा जोसाफात शतकानुशतके संत म्हणून पूजिला जात होता. नव्हेंबरच्या २७ तारखेला त्याचे स्मरण होत असे. आपल्या संताचीच आठवण हिंदुस्थानातील लोकांनी जपली असावी, असा कोतुचा तर्क. खरा प्रकार नेमका उलटा होता. गौतम बुद्धाचीच कथा मध्य आशिया, इराण, अरबस्तान, जॉर्जिया आणि ग्रीस असा प्रवास करीत युरोपात पोहोचली होती; आणि बोधिसत्त्व या शब्दाचेच रूप वाटेत बदलत बदलत जोसाफात झाले होते. म्हणजे ज्या चैत्यगृहाला संत मायकेलचे चर्च करण्यात आले, त्या चैत्यगृहाचा मूळ पूज्य पुरुष वेगळे नाव घेऊन चर्चच्या संतमालिकेत आधीच जाऊन बसलेला होता, आणि ते जिंकणारांच्या गावीही नव्हते. भिंती ताब्यात घेता येतात. पण कथा कोणाच्या ताब्यात राहत नाही.

आता प्रश्न उरतो तो असा की, अशा स्थळी एका काळाच्या खुणा पुसून दुसऱ्या काळाला न्याय देता येईल काय? तो क्रूस छिलून काढावा आणि मूळचे शिल्प पुन्हा घडवावे, असे कोणास वाटेल. तर जुन्या चर्चचे अवशेष सजवून उठवावेत, असे आणखी कोणास वाटेल. परंतु आरंभी सांगितलेला भेद येथे आठवावा. लेण्यात बेरीज नाही. क्रूस छिलला तर मूर्ती परत येणार नाही; फक्त आणखी एक घाव वाढेल, आणि मूर्तीचे काय झाले याचा एकमेव साक्षीदारही जाईल. भरून काढता येत नाही अशा ठिकाणी जे उरले आहे ते जसेच्या तसे राखणे, हाच एक न्याय शक्य असतो. लालिबेलातही हाच पेच निराळ्या रूपात पडलेला आहे. पावसापासून रक्षण करण्यासाठी काही चर्चांवर २००८ साली मोठी लोखंडी छत्रे उभारली गेली. परंतु त्यांच्या खांबांचा भार भोवतालच्या कातळाला सोसेल काय, अशी शंका तेथील लोकांनी आणि तज्ज्ञांनी बोलून दाखविली आहे. रक्षणासाठी उचललेला हातही हलका असावा लागतो, तो यासाठीच.

आपल्या शहराचा दाखला येथे द्यावासा वाटतो. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत, फारुकी सुलतान आदिलशहा याने इ. स. १५९० च्या सुमारास कोरविलेला एक लेख आहे. त्या लेखात अरबीबरोबर संस्कृत भाषाही आहे. मशिदीच्या भिंतीवर देवनागरी अक्षरांत सृष्टिकर्त्याला वंदन, राजवंशाची नामावळी आणि शकसंवताची कालगणना! साष्टीत एका श्रद्धेचे शिल्प तासून दुसरीची खूण कोरली गेली, त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत तापीकाठी एकाच भिंतीने दोन भाषांना जागा दिली. दगड दोन्हीकडे सारखाच होता. तो कोणत्या हेतूने हाती घ्यावयाचा, हे मात्र माणसाने ठरविले. त्या लेखाजवळून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी तो थांबून पाहिला आहे, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

शेवटी प्रवासाला निघणारांसाठी दोन शब्द. लालिबेलाला जाणे खर्चाचे आहे. अदिस अबाबाहून तेथे विमान जाते. पण इथिओपियाच्या त्या भागात अलीकडच्या वर्षांत यादवीचा उपद्रव झालेला असल्यामुळे आधी चौकशी करूनच बेत करावा. ७ जानेवारीला तेथील नाताळ असतो. तेव्हा शुभ्र सुती वस्त्रे पांघरलेले हजारो यात्रेकरू पायी चालत येतात. तेथे चर्चमध्ये पादत्राणे घालून जात नाहीत, आणि आपल्याला ही रीत शिकवावी लागत नाही. मंडपेश्वराचा प्रवास मात्र कोणालाही साधेल. भुसावळ, मनमाड, नाशिकमार्गे दादर, आणि तेथून उपनगरी गाडीने बोरिवली किंवा दहिसर. कान्हेरी सोमवारी बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. लेण्यात कोणी पूजा करीत असेल तर त्यांना वाट द्यावी. चर्चमध्ये मिस्सा चालू असेल तर मागे शांत उभे राहावे. शिल्पांना हात लावू नये, खांबांवर नावे कोरू नयेत. त्या दगडाने आजवर पुष्कळ घाव सोसले आहेत. आपल्या हातून त्यांत आणखी एकाची भर पडू नये.